कुऱ्हाडवाली इंगुन

ऑनलाइन खेळात इंगुन इतकी वर्षं वैद्यच होती. वैद्याने कुऱ्हाड उचलायची नाही, हा नियमच होता; आणि ड्रॅगनने टोळी मारली की खापर वैद्याच्याच माथी फुटायचं. यंदा नियम उठला, ज्याला जे हवं ते शिका! बर्गन शहरातल्या आपल्या घरात वॅफल खात तिने हौसेने कुऱ्हाड घेतली. बाकीच्यांकडे शस्त्रं होतीच. हलकट ड्रॅगनने सगळ्यांना भाजून काढलं.

हेडफोनवरून शिव्या कुणाला द्यायच्या, तेच कुणाला कळेना.

"अरे, पण जखमा कोण भरणार होतं?" टोळीतल्या तोरग्रिमने विचारलं.

"मला वाटलं, तू," टोळीतला दुसरा एक जण म्हणाला.

"मी? मी कसा?"

"माझंच चुकलं रे," इंगुन सवयीने बोलून गेली.

"तरीच!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पडद्यावर तिचं प्रेत अजून कुऱ्हाड घट्ट धरून होतं. इंगुन त्याच्याकडे बघतच राहिली. आपलं चुकलं तरी काय?