नख दाबा, मोजा

टेबलावर प्लास्टरच्या सहा पट्ट्या होत्या, कापसाच्या चार गुंडाळ्या, पाण्याची एक बादली आणि प्लास्टर कापायचं एक यंत्र. भोवती डॉक्टर नऊ: पाच नागरी, चार लष्करातले. कोपऱ्यातल्या न उघडलेल्या खोक्यात रबराचा हात एक. आणि टेबलावर आडवा ठेवलेला खरा हात एक, लवूकाकांचा, डावा.

"पानी कोमट घ्या," लवूकाका म्हणाले. "गरम पान्यात प्लास्टर लगेच धरता. मग बसा वळवत."

हाडांची शस्त्रक्रिया शिकणारे हे तरुण डॉक्टर काही महिने लष्करी रुग्णालयात काढतात आणि काही महिने आमच्याकडे, रत्नागिरीत. लष्करातले आणि बाहेरचे एकत्रच शिकतात. लवूकाका प्लास्टरच्या खोलीतले मदतनीस. दर सोमवारी नऊला ते सरावासाठी आपला हात देत. कोणीतरी तो बांधायचं, इतर चुका काढायचे, दहा मिनिटांनी प्लास्टर कापायचं. बारा वर्षांत तो हात पाचशेवर वेळा बांधून झाला होता. हाड एकदाही मोडलेलं नव्हतं.

मी शेजारच्या खोलीत फिजिओथेरपी करते. सोमवारी नऊला मधलं दार उघडं ठेवते.

रबराचा हात कर्नलसरांनी मागवला होता. ते लष्करातून निवृत्त झालेले, आता आमच्या विभागाचे प्रमुख. "लवू, तुझं वय झालं," ते मागच्या आठवड्यात म्हणाले होते. "ज्या दिवशी तुला जमणार नाही, त्या दिवशी हे खोकं उघडू." तेव्हापासून लवूकाका खोक्यावर पट्ट्यांची रिकामी पाकिटं रचून ठेवत.

आज पाळी डॉक्टर ऋत्विकची होती; प्लास्टरखालचा कापूस लवूकाकांनी स्वतःच आधी गुंडाळून ठेवला होता. हा खेडचा, हात चलाख, तोंड त्याहून चलाख.

"काका, तुमचं हाड आता मोडायलाही लाजत असेल. एवढे कपडे कोणाला मिळतात?"

"तू बांध. बोलतोस बरा, पट्टी ढिली पडताय."

ऋत्विकने पट्टी ओढून घेतली. लवूकाकांच्या वरच्या ओठावर घाम आला. ऑगस्टमध्ये आमच्याकडे सगळ्यांनाच घाम येतो, त्यामुळे मला विशेष वाटलं नाही. ऋत्विकने आणखी दोन वेढे दिले, तळव्याने प्लास्टर दाबून गुळगुळीत केलं.

"झालं. नख दाबलं. दोन."

हा नियम लवूकाकांचाच. हात बांधला की अंगठ्याचं नख दाबायचं. ते पांढरं पडतं. सोडल्यावर दोन मोजेपर्यंत गुलाबी झालं, तर रक्त नीट वाहतंय. उशीर झाला, तर पट्टी आवळली आहे, कापा. प्रत्येक तुकडी हे त्यांच्याकडून शिकली होती. पण त्यांच्या स्वतःच्या नखाची मोजणी नेहमी दोनच यायची, म्हणून हल्ली कोणी धड बघत नसे. दाबायचं आणि दोन म्हणायचं.

"मी बघू?" कॅप्टन मृणाली पुढे आली. लष्कराच्या चौघांतली ती सगळ्यात कमी बोलणारी. तिने नख दाबलं, सोडलं.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

तिने त्यांची बोटं आपल्या तळव्यावर घेतली.

"काका, बोटं हलवा."

बोटं थोडी हलली. अंगठा हललाच नाही.

"कापा," मृणाली म्हणाली. "आत्ता."

ऋत्विकने यंत्र लावलं. प्लास्टर दोन्ही बाजूंनी उघडलं, खालचा कापूस निघाला. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"कधी पडलात?"

"सकाळी. झावळ वडत होतो. जांभ्याची पायरी, वर शेवाळ."

"आणि तसेच येऊन बसलात?" ऋत्विकचा आवाज चढला. "मी ते आवळत होतो, काका! तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"दहा मिन्टांत कापताच की तुमी."

"पण का?"

लवूकाकांनी खोक्याकडे बघितलं नाही. मी बघितलं.

"सोमवार ना आज," ते म्हणाले.

एक्स-रेमध्ये मनगटाजवळ तडा दिसला. हाड सरकलेलं नव्हतं. सूज उतरेपर्यंत पूर्ण प्लास्टर नको, खालून अर्धंच, असं कर्नलसरांनी सांगितलं. ते ऋत्विकनेच घातलं. त्याने नख सात वेळा दाबून मोजलं. सातही वेळा दोन आलं.

"घरी कोण आहे करायला?" मृणालीने विचारलं.

"पोरगा मुंबैला. घरात मी नि रेडिओ. त्याचा पन एक बटन गेलाय."

कोणीतरी हसलं, मग थांबलं.

पुढच्या सोमवारी खोकं उघडलं. रबराचा हात कातडीच्या रंगाचा होता, नखं गुलाबी रंगवलेली. लवूकाका उजव्या हाताने पट्ट्या भिजवून देत, सांडलेलं पाणी पुसत.

सहा आठवड्यांनी त्यांचं प्लास्टर काढलं आणि ते माझ्याकडे व्यायामाला येऊ लागले. पहिल्या दिवशी उजवं मनगट मागे सत्तर अंश वाकत होतं, डावं एकेचाळीस. ऑक्टोबरात लष्कराची चौघं गेली. मृणाली निघताना त्यांना भेटायला आली, तेव्हा लवूकाका रक्त तपासायला नेलेल्या पेशंटबरोबर खाली होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डावं मनगट चौसष्ट अंशांवर आलं. मी कार्डावर 'उपचार पूर्ण' लिहिलं, सही केली.

त्यानंतरच्या सोमवारी नऊला ते माझ्या दारात उभे होते.

"बाय, मोजतेस काय?"

"काका, झालं की मोजून. चौसष्ट. आता यायची गरज नाही."

"ता नाय."

ते स्टुलावर बसले. डावा हात टेबलावर ठेवला, अंगठा वर. पलीकडच्या खोलीत कोणीतरी रबराचं नख दाबून "दोन" म्हणालं.

मी स्टॉपवॉच काढलं. नख दाबलं, पांढरं पडलं, सोडलं.

एक पूर्णांक आठ दशांश सेकंद.