कडक गणिताचा कॉम्प्युटर

जहाजांचे तळ घासणारा मामा पाण्याखाली वाघ, पण वर येताना निव्वळ गाढव. अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर वाटेत थांबायला सांगे, आणि हा त्यालाच शिव्या घालून वर येई. असं न थांबल्यानेच त्याचे गुडघे धरलेले.

आता भाची पाण्याखाली जोडीला येणार, म्हणून तिच्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला दोघं दुकानात आली.

“हा घे. याचं गणित सैल, लवकर वर सोडतो,” मामा म्हणाला.

“मला तो कडक हवा. जास्त थांबवणारा.”

“भित्री भागूबाई! लटकत बस पाण्यात मध्येच, एकटी.”

“एकटी कशी? जोडीने एकदमच वर यायचं, नियम तुझाच ना? मला धडधाकट मामा हवाय.”

“कार्टे, आईवर गेलीस,” म्हणत मामाने कडकवालाच तिच्या मनगटावर बांधला.