मीटरवर नऊ

तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी लोसालिनेनं नवऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि मीटरकडे पाहिलं. नऊ. गेल्या वर्षी अठराच्या, म्हणजे मिलिग्रॅमच्या मापात सव्वातीनशेच्या, खाली न उतरणारी विलिसोनीची साखर फक्त नऊ! एरवी ती हरखली असती. पण समोर चटईवर पडलेला विलिसोनी, एकट्यानं होडी वाळूवर ओढून आणल्यासारखा धापा टाकत होता.

चर्चच्या संमेलनाहून मंडळी परतली आणि बेटावर फ्लू पसरला. बाकीचे तीन दिवसांत उठून वाडीवर गेले. विलिसोनीच्या पोटात मात्र पाणीही ठरेना. तरी साखरेची गोळी त्यानं चुकवली नाही. त्याच्या बापाचा पाय साखरेपायी गुडघ्यातून कापला होता. ओकारी थांबली, की तो हात पुढे करायचा. "गोळी दे." आणि ती द्यायची.

तिनं ऑकलंडला नणंदेला फोन लावला.

"नऊ?" पेसी हसली. "अगं वहिनी, माझीच अकरा आहे! दादाला लहानपणापासून कण्हायची हौस. उगाच घाबरू नकोस."

फोन ठेवला, तर विलिसोनी तिला स्वतःच्या आईच्या नावानं हाक मारत होता. ती अनवाणीच नर्सकडे धावली.

मेलेनाइते नर्सनं घरी येऊन त्याच्या तोंडाशी वाकून वास घेतला. नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा उग्र वास. लघवीत बुडवलेली पट्टी बघता बघता जांभळी पडली.

"पण साखर तर नऊच आहे," लोसालिने म्हणाली.

"ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. आकडा चांगलाच दिसणार. पण अंगात ताप, पोटात काही नाही, त्यात ही गोळी... रक्तात आम्ल साठलंय, बाई. खाणं सुटलं की गोळी बंद करायची, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

"नाही!"

"सांगितलं होतं," विलिसोनी डोळे न उघडता पुटपुटला.

पलीकडच्या बेटावर, पांगाईच्या दवाखान्यापर्यंत होडीनं तासभर लागला. वाटेत त्याचं बोलणं बंद झालं. लोसालिने त्याचं डोकं मांडीवर घेऊन श्वास मोजत बसली. एक लाट आली आणि पुढचा श्वास ऐकू आला नाही, तेव्हा ती इतकी किंचाळली की होडीवाल्यानं इंजिनच बंद केलं. श्वास चालू होता.

दोन दिवस एका नळीतून इन्सुलिन, दुसरीतून, साखर फार उतरू नये म्हणून, साखरेचं पाणी. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तिला ओळखलं.

"पाय कापतील म्हणून घाबरलो होतो," तो म्हणाला.

"पाय गेला असता तर पाठीवर घेऊन फिरले असते, गाढवा! मला सांगायचं तरी होतंस!"

त्यानं तोंड फिरवलं. लोसालिने पाणी आणायला म्हणून बाहेर आली. ती पायरीवरच खाली बसली आणि बराच वेळ तिला उठताच आलं नाही.