मला नीट वाळवून जाळा

मी एक जुना झेंडा आहे, आणि येत्या नोव्हेंबरात मला जाळणार आहेत. घाबरू नका, मित्रांनो. मानानं जाळणार आहेत. अमेरिकेत झेंडा जीर्ण झाला की कचऱ्यात टाकत नाहीत, अदबीनं अग्नी देतात. आणि निषेध करायचा असला तरी झेंडाच जाळतात. काडी तीच, कापड तेच. फरक फक्त काडी ओढणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. त्यातला एक चेहरा मी पाहिला आहे.

मी सुती आहे. पन्नास तारे, तेरा पट्टे. १९८१ साली मिशिगनमधल्या ट्रॉय गावी पुरुषोत्तम टिपणीस अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्याच दुपारी मला घेऊन घरी आले. ते मोटारींचे ब्रेक बनवायचे. त्यांच्या पत्नी सुलेखाबाईंनी पोर्चवरच्या काठीला हळदकुंकू लावलं. दसऱ्याला एक हार गाडीला, एक मला. शेजारी कौतुकानं बघायचे. इतकी सरबराई त्यांच्या झेंड्यांना कुठली!

संध्याकाळी मला उतरवून घडी घालायची. सुलेखाबाई एक टोक धरायच्या, मुलगी विनीता दुसरं, अगदी साडीची घालतात तशी. शेजारचा ग्लेन पायरीवर बसून चकल्या खात बघायचा. पुढे विनीता कॉलेजला गेली आणि घडीला माणूस उरलं नाही. मग मी रात्रंदिवस बर्फात, उन्हात तसाच. कडा उसवल्या, लाल रंगाचा गुलाबी झाला. तक्रार नाही; माणसांचंही असंच होतं.

विनीता फौजेत जाते म्हणाली तेव्हा घरात तीन दिवस कुणी धड जेवलं नाही. १९८९च्या मे महिन्यात ती लेफ्टनंट झाली. जूनमध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की निषेध म्हणून झेंडा जाळणं हा गुन्हा नाही. चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीसाठी ती रजेवर निघाली, तेव्हा वरिष्ठांनी बजावलं, “कुणी झेंडा पेटवला तर हात उचलायचा नाही. गणवेशात मारामारी केलीस तर खांद्यावरची पट्टी गेली म्हणून समज.”

मिरवणुकीच्या सकाळी सुलेखाबाईंनी मला धुतलं. सणाला घरातलं सगळं धुऊन काढायचं, हा त्यांचा नियम. यंत्रात वाळवलं तर आटेल म्हणून मागच्या अंगणात दोरीवर घातलं. तिथून मला ग्लेननं उचललं.

त्याचे वडील ज्या कारखान्यात होते तो वसंतात बंद पडला होता. मिरवणूक लायब्ररीच्या हिरवळीवर संपली, तेव्हा ग्लेन बाकावर चढला, काहीतरी ओरडला आणि माझ्या कोपऱ्याला काडी लावली. विझली. दुसरी लावली. तीही विझली. चौथ्या काडीला थोडा धूर आला, त्याला साबणाचा वास होता.

“लेफ्टनंट, बघत काय राहिलीस? दे एक ठेवून!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. (हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. आठ वर्षं पोर्चवर टांगलेल्याला दोन्ही भाषा येतात.)

विनीताची मूठ आवळली. पट्टी अजून दोन महिन्यांचीही नव्हती. मागून सुलेखाबाई मराठीत म्हणाल्या, “विनू, मारू नकोस गं त्याला. ओला आहे झेंडा, पेटायचा नाही.”

“आई, नॉट नाऊ!”

ती बाकापाशी गेली. हात मागे बांधले. “ग्लेन, हा झेंडा तुझा आहे?”

“झेंडा तो झेंडा.”

“तुझा असता तर मी इथं उभी राहून बघितलं असतं. रडले असते, पण तुला बोट लावलं नसतं. मी शपथ राज्यघटनेची घेतलीय, कापडाची नाही. त्या घटनेत तुझ्या काड्याही बसतात, काय करणार! पण हा माझ्या आईचा आहे. तू जिच्या चकल्या संपवायचास तिचा.”

ग्लेन खाली उतरला. पाचवी काडी हातातच राहिली.

“डॅडना एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर काढल्याचं पत्र दिलं, विनी. एका पानाचं. त्यात नावसुद्धा चुकलेलं.”

“मग हे ओरड ना. मी ऐकते.”

त्यानं सांगितलं. ‘दे एक ठेवून’ म्हणणारे थोडा वेळ थांबले, मग हॉट डॉग खायला गेले. विनीताची मूठ सुटली. ती म्हणाली, “ते टोक धर.” दोघांनी माझी घडी घालायला घेतली.

“आधी पिळून घ्या!” सुलेखाबाई ओरडल्या.

आता मी कपाटात त्यांच्या पैठणीशेजारी आहे. जळक्या कोपऱ्यासकट पोर्चवर शोभत नाही. मला तलावात विसर्जित करावं असं पुरुषोत्तमरावांचं मत होतं. विनीतानं फोनवरून नियम वाचून दाखवला. नोव्हेंबरात माजी सैनिकांच्या हॉलमागे मला अग्नी देतील. एक टोक विनीता धरणार आहे. दुसरं ग्लेननं मागून घेतलं.

मित्रांनो, झेंडा असो की शेजारी, फार उसवू देऊ नका. आणि सुलेखाबाई, एवढं एकच ऐका: आदल्या दिवशी मला धुऊ नका.