अर्धा अंतिम सामना पाहिलेली जाळी

रविवार, पंधरा नोव्हेंबर. आभाळ भरलेलं, पाऊस नाही. वारा बिलकुल नाही. मैदानावरचा झेंडा काठीला चिकटून बसलेला.

मी सोंगहो बंदराच्या फुटबॉल मैदानावरची, समुद्राकडच्या गोलची जाळी बोलतेय. आज राष्ट्रीय करंडकाचा अंतिम सामना चालू आहे आणि माझ्यासमोर गवताशिवाय काही नाही. असं कसं, ते सांगते.

माझा जन्म धक्क्यावरच्या शेडमध्ये झाला. तिथे बायका मासेमारीची जाळी दुरुस्त करतात. दुकानातली गोलची जाळी इथल्या खाऱ्या वाऱ्यात फार टिकत नाही. म्हणून संघाचा व्यवस्थापक एके दिवशी शेडमध्ये आला आणि म्हणाला, "बायांनो, चेंडू धरेल अशी एखादी जाळी विणून द्या."

ओक्बुन सुई न थांबवता म्हणाली, "चेंडू तुमच्या गोलकीपरनं धरायचा. जाळीत आला म्हणजे उशीर झाला."

सगळ्याजणी हसल्या, कारण गोलकीपर तिचाच मुलगा होता. किजू त्याचं नाव. दिवसा तो बर्फाच्या गोदामात माल हलवणारी गाडी चालवायचा आणि संध्याकाळी माझ्यापुढे उभा राहायचा.

मला विणलं ओक्बुननंच. बांगड्याच्या जाळ्याची दोरी, तिच्या हातची गाठ. माझा वास काही गेला नाही. पाहुण्या संघाचा एक गोलकीपर नाक दाबून म्हणाला होता, "ही जाळी आहे की मासळीचा डबा?" किजू म्हणाला, "दोन-चार गोल खा, मग भूक मरेल तुझी."

माणसांच्या सवयी मी पाठीमागून पाहते. कुणी खांबाला हात लावून पुटपुटतो, कुणी माझ्या दोरीला पाण्याची बाटली अडकवतो. पण एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. जिनं मला विणलं, ती सामना बघायला कधीच कशी येत नाही?

उत्तर मालसुनकडून कळलं. मालसुन म्हणजे शेडमधली ओक्बुनची जोडीदारीण, वयानं लहान, तोंडानं मोठी. किजू शाळेत असताना ओक्बुन एकदाच सामन्याला गेली होती. त्या दिवशी त्याच्यावर चार गोल झाले. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलं, आपण बघितलं की पोरगा हरतो. या गावात असं मानणारी ती एकटी नाही. आमचा मैदानाचा शिपाई पेनल्टी असली की संडासात जाऊन बसतो.

मागच्या रविवारी मात्र ती आली. आमच्यासारखा गोदीकामगारांचा संघ करंडकाच्या अंतिम फेरीत, समोर राजधानी सोलचा बडा हानगांग संघ. त्यात किजूचा गुडघा संपलेला. या करंडकानंतर तो खेळणार नव्हता. "एकदा तरी बघ, आई," असं तो रोज म्हणत होता.

ती आली आणि माझ्यामागे मासळीचा क्रेट उपडा घालून बसली. मैदानाकडे पाठ, तोंड समुद्राकडे.

सुकी माकूल चघळत बसलेला एक म्हातारा ओरडला, "बाई, सामना इकडे आहे! समुद्र रोजच बघता की!"

"तुम्ही तुमचं चघळा, आजोबा," मालसुननं परस्पर उत्तर दिलं. "ती डोळ्यांनी नाही, पाठीनं बघते."

त्या दिवशी जोराचा वारा होता. पहिल्या भागात आम्ही माझ्यातच एक गोल केला. ओक्बुननं टाळ्या वाजवल्या, समुद्राला. दुसऱ्या भागात किजू माझ्यापुढे आला. आई आणि मुलगा, मध्ये मी.

सामना संपत आला होता. किजू एका चेंडूवर झेपावला आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या बरगडीत बसला. "आई गं!" तो कळवळला.

ती वळली. कुठली आई वळणार नाही?

तोवर तो उठून उभा राहिला होता. कोपऱ्यातून चेंडू आला, कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि असा माझ्यात घुसला की माझी एक गाठ तुटली. एक–एक.

चेंडू काढायला किजू वळला. तिचा चेहरा त्याच्या समोर होता, हात तोंडावर. तो म्हणाला, "आता वळलीसच आहेस तर बघ की."

ती पुन्हा समुद्राकडे फिरली.

शिट्टी झाली आणि मला नवल वाटलं. कुणी रडेना, कुणी नाचेना. लोक अर्धवट पुस्तक मिटावं तसे उठून निघाले. शिपायानं कुणाला तरी सांगितलं तेव्हा समजलं: हा अंतिम सामना दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा आमच्याकडे, दुसरा पुढच्या रविवारी सोलला, आणि दोन्हींची बेरीज. म्हणजे उरलेलं दुसरीच कुठली तरी जाळी बघणार! आठवडाभर मी तिचाच विचार करत होते. तिला कुठला वास येत असेल?

किजूनं जाताना विचारलं, "सोलला येतेस ना?"

"मी आले तर करंडक गेलाच म्हणून समज."

"आई, तुझ्या बघण्यानं गोल होत असते तर तुला पगारावर ठेवली असती कुणीतरी."

ती हसली नाही.

आणि आज सगळं गाव मासळीबाजारात मोठ्या पडद्यासमोर जमलंय. ओक्बुन सुई आणि दोरी घेऊन इथे आली, माझी तुटलेली गाठ दुरुस्त करायला. इथे ना पडदा, ना माणूस. पण वारा पडलेला, त्यामुळे बाजारातला आवाज थेट आमच्यापर्यंत पोहोचत होता.

आधी एक लांब "अरेरे" ऐकू आलं. तिची सुई थांबली. "गेला एक," ती मला म्हणाली. निदान मला तसं वाटलं, कारण दुसरं होतं कोण?

बऱ्याच वेळानं घमेली बडवल्याचा आवाज झाला, ढोल वाजला. ती उभी राहिली, पुन्हा बसली. मग कधी जल्लोष, कधी हळहळ, काय चाललंय ते कळेना. एवढीशी गाठ, पण ती पुरी होईना. बांधायची आणि सोडायची.

तेवढ्यात मालसुन गमबूट वाजवत पळत आली, हातात फोन. "ताई! सोललाही एक–एक! पेनल्टी चालू आहेत! पाच-पाच मारून झाल्या, चार-चार झालेत. किजूनं एक अडवली, ताई!"

"मला दाखवू नकोस." ओक्बुननं पाठ फिरवली.

"नको बघू. मी सांगते. आता आपल्या संघातला एक पोरगा मारतोय…"

बाजारातून मोठा हाय हाय असा आवाज उठला.

"काय झालं?" ओक्बुननं विचारलं.

"काय माहीत! माझ्या फोनमध्ये तर अजून तो चेंडू ठेवतोय." मालसुन फोनमध्ये डोळे घालून होती. "हं… धावला… अरे देवा, वरून गेला. म्हणून ओरडले ते."

ओक्बुनची सुई हवेतच राहिली. "म्हणजे तिकडे आधी कळतं?"

"फोन मागून येतो गं, ताई. बाजारातला पडदा पुढे, माझा फोन मागे. आता हानगांगचा मारणार. हा गेला तर संपलं."

आणि बाजारातून आवाज आला. ओरडा नव्हे, मोठ्या खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडावा तसा. मग काहीच नाही.

दोघींना समजलं. मलाही समजलं.

मालसुनचा अंगठा फोन बंद करायला निघाला. ओक्बुननं तिचं मनगट धरलं.

"थांब. तो अजून उभा आहे."

तिनं फोन हातात घेतला. माझ्याकडे तिची पाठ नव्हती, म्हणून मला तिचा चेहरा दिसत होता. फोनमध्ये काय होतं ते मी तिच्या ओठांवरून ऐकलं. "हातमोजे गवताला पुसतोय. लहानपणीही असाच, जेवायला बसताना हात चड्डीला." मग म्हणाली, "डावीकडे गेला. बरोबर गेला गं. बोटं लागली त्याची."

"लागली, ताई."

फोनवर ते पुन्हा दाखवलं तेव्हाही तिनं पाहिलं. डोळे न फिरवता.

माझी गाठ तिनं एका दमात बांधली. दोरीचं टोक दातानं तोडत होती, तेव्हा तिचा स्वतःचा फोन वाजला.

"आई, हरलो."

"बघितलं."

"बघितलंस?"

"बघितलं. जेवलास का?"

आता मी इथेच टांगलेली आहे, विणीची सगळी घरं शाबूत. वसंतात नवी जाळी येईल आणि मला मासे सुकवायच्या काठ्यांवर टाकतील. खुशाल टाका. मासळी माझ्या ओळखीची आहे. मागणं एकच: खालून तिसऱ्या ओळीत, डाव्या खांबाजवळ एक गाठ बाकीच्यांपेक्षा घट्ट आहे, तेवढी कापू नका.

पहिला सामना, सोंगहो: सोंगहो एक, हानगांग एक. दुसरा सामना, सोल: हानगांग एक, सोंगहो एक. पेनल्टी: हानगांग पाच, सोंगहो चार.