अर्धा फेरा

मी पितळेचा एक बूस्ट कंट्रोलर बोलतोय. नावानं दचकू नका. अंगठ्याएवढा जीव माझा. पोटात एक छर्रा, म्हणजे पोलादी गोळी, छर्‍यावर स्प्रिंग आणि डोक्यावर एक फिरकी, एवढाच संसार.

टर्बोच्या गाडीत इंजिनात हवा दाबून भरतात. हवा जास्त, तर जोर जास्त. पण त्या दाबाला कुठंतरी हद्द हवी. हद्द आली की मी छर्रा उचलून हवा पुढे सोडतो, तिच्या धक्क्यानं एक झडप उघडते आणि दाब तिथंच थांबतो. फिरकी आवळली की हद्द वर सरकते, सैल केली की खाली येते. यापलीकडचं मला काही कळत नाही. इंजिन तापलंय का, पेट्रोल कसं आहे, पुढे चढ आहे की उतार, मला दिसत नाही.

माझा जन्म जबलपूरचा, गढा भागातल्या एका दोन खोल्यांच्या घरातला. मला घडवलं टिकारामांनी. त्यांचे वडील भंडार्‍याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. टिकारामांनी चौतीस वर्षं संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात लेथ चालवली. रिटायर झाल्यावर एक जुनी लेथ आणून त्यांनी ती पुढच्या खोलीत बसवली. शेवंताबाई, त्यांच्या घरच्या, येणार्‍याजाणार्‍याला सांगायच्या, "लोकं सोफा ठेवतात, आमच्या इथं मशीन ठेवली."

मला बनवायला त्यांना तीन दिवस लागले. एक गोष्ट तेव्हा फक्त मला आणि शेवंताबाईंना माहीत होती. टिकारामांचा उजवा हात वर्षभरापासून कापत होता. माझ्याआधीचे दोन तुकडे त्यांनी भंगारात टाकले होते. माझ्या वेळी त्यांनी श्वास रोखून धरला, डाव्या हातानं उजवं मनगट दाबलं आणि हत्यार पुढे सरकवलं. छर्रा बसायची माझी जागा अगदी बरोबर उतरली. ते माझ्याकडे बघून हसले, पण कपाळाचा घाम पुसायला विसरले.

त्यांची मुलगी अंजनी विजय नगरात रत्नाकर यांच्या गॅरेजमध्ये काम करायची. डिप्लोमा केलेली, गाडीला कॉम्प्युटर जोडून इंजिनाची नाडी वाचणारी. गॅरेजमध्ये एवढं समजणारी ती एकटीच. तिथं एक दिवस सिव्हिल लाइन्समधला श्रीरंग आपली लाल गाडी घेऊन आला. रविवारी नागपूरजवळ सरळ पट्ट्यावरची शर्यत होती आणि त्याला जोर वाढवून हवा होता.

अंजनी म्हणाली, "इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लावा. इंजिन तापलं तर तो स्वतःच दाब उतरवतो. गिअरप्रमाणे दाब कमीजास्त करतो."

"कितने दिन?"

"आठ तरी पायजेत. मागवायचा, बसवायचा, गाडीशी जुळवायचा."

"रविवारला चारच दिवस राहिले, दीदी."

टिकाराम त्या दिवशी मला दाखवायलाच आले होते. त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "भैया, हे बघा. वायर नाही, डब्बा नाही. बिघडायला आहेच काय याच्यात?"

"बाबा, पण गरमी झाली तर तुमच्या छर्‍याला थोडीच समजते?"

"मी बारा पौंडावर बांधून देतो ना. बाराच्या वर दाब गेलाच नाही, तर गरमीचा सवाल येतेच कुठं?"

तसं बघितलं तर दोघंही बरोबर बोलत होते. श्रीरंगनं हातातलं घड्याळ बघितलं आणि मला उचललं. "काकाजींचा लावा."

अंजनीनं मला इंजिनाशेजारी नळ्यांमध्ये बसवलं, दाबाचं मीटर गाडीत आपल्या सीटसमोर बांधलं. बारावर काटा थांबला तेव्हा, फिरकी जागची हलू नये म्हणून, टिकारामांनी माझ्या मानेवरचा नट स्वतः आवळला. "आता याला हात नाही लावायचा," असं ते म्हणाले, आणि अंजनीनं मान हलवली.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला गाडी मंडला रोडवर, बरेला गावाच्या पुढे आणली. मे महिना होता. डांबर मऊ झालं होतं. अंजनी वेळ मोजत बाजूला बसली आणि श्रीरंगनं गाडी सोडली. मी बारावर छर्रा उचलला, बरोबर बारावर. मला स्वतःचा अभिमान वाटला.

श्रीरंगचा सूर मात्र नाराज होता. "बस? माझ्या मित्राची गाडी याच्यापेक्षा दोन सेकंद आधी पोचते. त्याच्यात इलेक्ट्रॉनिक आहे." मग तो हसला. "चलो, काकाजी का जुगाड है. इतना ही चलेगा."

अंजनीचा चेहरा मला दिसला नाही, पण बॉनेट उघडल्यावर तिचे हात दिसले. "एक मिनिट, नळी बघते," असं तिनं ओरडून सांगितलं. नळीला तिनं हातही लावला नाही. पान्यानं माझा नट सैल केला आणि फिरकी अर्धा फेरा आवळली.

गाडी परत सुटली. चौदा.

"हां! अब कुछ बात बनी," श्रीरंग म्हणाला. "काकाजी तो उस्ताद निकले. आणखी नाही होणार?"

मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. तिनं परत बॉनेट उघडलं. आणखी अर्धा फेरा. स्प्रिंग माझ्या छातीत रुतली. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

तिसर्‍या वेळी पुढे एक ट्रक होता. श्रीरंगनं त्याला ओलांडायला गाडी उजवीकडे घेतली आणि पाय पूर्ण दाबला. चौदा, पंधरा, सोळा. माझी हद्द अजून आलीच नव्हती. इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा.

"भैया, पाय उचला!" अंजनी किंचाळली. "छोडो, छोडो!"

समोरून बस येत होती. पाय उचलला तर ट्रकच्या बाजूलाच अडकणार, म्हणून श्रीरंगनं तो उचलला नाही. मग एक दणका बसला. आतला पिस्टन फुटला. जोर एकदम गेला आणि गाडी ट्रकच्या बरोबरीनं नुसती घरंगळायला लागली. बसचा हॉर्न जवळ येत होता. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून जागा झाली. श्रीरंगनं गाडी डावीकडे ओढली, ती कच्च्या रस्त्यावरून उडत गेली आणि बाभळीच्या अलीकडे थांबली. बस निघून गेली.

श्रीरंगचं कपाळ काचेवर आपटलं होतं. तो उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि रत्नाकरना फोन लावायला लागला. त्याची पाठ गाडीकडे होती.

तेव्हा अंजनीनं बॉनेट उघडलं. आतून धूर येत होता. मी इतका तापलो होतो की हात लावणं शक्य नव्हतं, तरी तिनं लावला. तिची बोटं भाजली, चर्रकन आवाज झाला, पण ती थांबली नाही. फिरकी एक पूर्ण फेरा मागे फिरवली आणि नट आवळला. मी परत बारावर आलो. काही घडलंच नाही असा.

दुपारी गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. रत्नाकरनी फुटलेला पिस्टन टेबलावर ठेवला आणि टिकारामांना बोलावून घेतलं. ते आले, चष्मा लावला, मला खोलून छर्रा तळहातावर घेतला. माझ्या आत बघितलं. छर्‍याच्या जागेवर एक बारीक ओरखडा उमटला होता, जास्त आवळलेल्या स्प्रिंगच्या दाबानं. त्यांना तो आपल्या हाताचा वाटला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "जागा तिरपी उतरली असंन. छर्रा अडकला, म्हणून हद्द राहिली नाही. माझा हात कापते, रत्नाकरजी. मी कोणाला सांगितलं नाही."

"काकाजी, ये तो पहले बताना था ना," श्रीरंग म्हणाला. कपाळाला पट्टी बांधलेली होती. "बस आली होती समोरून. मी मेलो असतो."

टिकारामांनी हात जोडले. जोडलेले हातही कापत होते. अंजनी दाराशी उभी होती, बोटांना फडकं गुंडाळून. ती बोलली नाही. मी टेबलावर उघडा पडलो होतो, आणि त्या खोलीत खरं माहीत असलेले आम्ही दोघंच होतो. तिला तोंड होतं.

टिकारामांनी मला खिशात घालून घरी आणलं आणि लेथवर ठेवलं. जेवले नाहीत. शेवंताबाईंनी अंजनीला विचारलं, "बोटं काहून भाजली?" तिनं सांगितलं, सायलेन्सर लागला. शनिवारी टिकारामांनी लेथ पुसली, तेल दिलं, वर चादर टाकली आणि चादरीवर मला ठेवलं. मग कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराला, लहानूला, फोन लावला. "घेऊन जा मशीन. मी आता हात नाही लावत. आज पिस्टन फुटला, उद्या माणूस मरंन."

अंजनी त्या दिवशीही कामावर गेली आणि आली. घरात तिच्याशी कोणी वाकडं बोललं नाही. तेच तिला जड जात असावं. लेथपाशी येऊन ती मला बघायची आणि निघून जायची.

रविवारी सकाळी लहानू जीप आणि चार माणसं घेऊन आला. मशीनचे बोल्ट सोडले. दोर बांधले. शेवंताबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. टिकाराम मला हातात धरून भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या जोरासरशी लेथ जागेवरून हलली आणि फरशीवर तिचा कर्रकन आवाज झाला.

"थांबा," अंजनी म्हणाली. "काका, थांबा. दोर सोडा."

"काय झालं, बेटा?" लहानूनं विचारलं.

"बाबा, मी फिरवलं. फिरकी मी आवळली."

लहानूची माणसं थबकली. टिकारामांना पहिल्यांदा समजलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"अर्धा फेरा. मग आणखी अर्धा. सोळाच्या वर गेला काटा. मग मीच मागे घेतलं, कोणी बघू नाही म्हणून." तिनं भाजलेली बोटं पुढे केली.

"काहून पण?"

"तो तुमच्या कामाला जुगाड म्हणाला." तिला रडू फुटलं. "हसला तो, बाबा. मला सहन नाही झालं."

मला वाटलं, आता टिकाराम मला भिंतीवर फेकून मारतील. पण ते खाली बसले. "तो हसला तर हसू द्यायचं होतं. मी तिथं हात जोडून उभा होतो, तू बघून राहिली होती. तेव्हा काहून नाही बोललीस?"

शेवंताबाई दारात आल्या होत्या. त्यांनी फक्त म्हटलं, "आता त्या पोराला कोण सांगंन?"

"मी," अंजनी म्हणाली.

सोमवारी गॅरेजमध्ये श्रीरंग आणि रत्नाकर दोघांसमोर तिनं सगळं सांगितलं. टिकाराम सोबत गेले, मी त्यांच्या खिशात होतो. तिचा आवाज कुठं तुटत होता ते मला आतून ऐकू येत होतं. श्रीरंग चिडला, ओरडला, मध्येच थांबला. "मुझे बिठा के चलवाया, दीदी? माहीत असून?" एवढं विचारून तो बाहेर निघून गेला. रत्नाकरनी तिला सहा महिने ट्यूनिंगपासून दूर ठेवलं. ती टायर बदलायची, ऑइल काढायची. श्रीरंगचं इंजिन मात्र तिनंच बांधलं, रोज काम संपल्यावर, एकेक नट रत्नाकरना दाखवून.

गाडी तयार झाली तेव्हा श्रीरंगनं अंजनीकडे न बघता टिकारामांना विचारलं, "काकाजी, आता सांगा. कोणता लावू?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला इलेक्ट्रॉनिक, भैया. तुमचा पाय भारी आहे आणि गाडी पेट्रोलवर धावते, गरमीत पेट्रोल लवकर दगा देते. माझ्या छर्‍याला गरमी समजत नाही. पोरगी पहिल्या दिवशी हेच म्हणत होती."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण माझ्या धन्यानं माझ्याबद्दल जे सांगितलं, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

आज मी लहानूच्या जुन्या, टर्बोच्या डिझेल जीपमध्ये आहे. तिला कॉम्प्युटर नाही, घाईही नाही. बरगीकडे सामान नेते आणि आणते. मला बसवण्याआधी टिकारामांनी तो ओरखडा घासून काढला, म्हणजे काढवून घेतला. लेथवर हात अंजनीचा होता, ते मागे उभे राहून नुसतं "हळू, हळू" म्हणत होते. आता दाब दहाच्या वर जात नाही. चढावर लहानू कधीकधी कुरकुरतो आणि बॉनेट उघडून माझ्याकडे बघतो. तेव्हा मी अजूनही आधी त्याच्या हाताकडे बघतो, पाना आहे का म्हणून.

म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं आहे. मला फिरवायचं असेल तर फिरवा, मी त्यासाठीच घडलोय. पण फिरवलंत तर शेजारी बसलेल्याला सांगा. आणि चुकलंच काही, तर त्याच दिवशी सांगा.