थोरल्याची वही

मी एका ज्वालामुखीची नोंदवही बोलतेय. माणसांचे जन्म-मृत्यू लिहून ठेवणाऱ्या माझ्या बहिणी पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला डोंगर आला.

चारशे पानं, कापडी पुठ्ठा, कोपऱ्यांना चामडं. मला शिवणारा बाइंडर म्हणाला होता, "हिच्यावर भट्टी कोसळली तरी पान सुटायचं नाही." बिचारा सहज बोलून गेला.

किनाऱ्यापासून बोटीने दोन दिवसांवर ते बेट होतं. एका टोकाला गाव, धक्का आणि मासळी डब्यांत भरायचा कारखाना. दुसऱ्या टोकाला दीपगृह; किनाऱ्याकडे निघालेली प्रत्येक बोट त्याच्या पायाशी असलेल्या खडकांजवळूनच जायची. मधोमध तो डोंगर. लोक त्याला 'थोरला' म्हणत. धूर वाढला की म्हणत, "थोरल्याला पडसं झालंय." जमीन हलली की, "उठला वाटतं, चहा टाका." घरातल्या तापट वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं चालायचं सगळं.

माझा पहिला मालक दीपगृहाचा रखवालदार. रोज सकाळी हात धुऊन, कोरडे करून मगच मला उघडायचा. वारा, धुराचा रंग, जमिनीचे हादरे आणि दीपगृहाच्या विहिरीचं पाणी, एवढं लिहायचा. गाव डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी प्यायचं. ती विहीर फक्त दीपगृहाची होती.

तिसऱ्या वर्षी थोरला फुटला. रखवालदाराने लिहिलं: 'पाणी तीन दिवस कोमट, आंबूस. चौथ्या दिवशी दुपारी फुटला. पूर्वेची वाडी गेली. माणसं एकोणीस.' मग त्या एकोणीस जणांबद्दल लिहायला त्याने दोन पानं घेतली. जाळी विणणारी सून, तिच्या कडेवरचं मूल, लग्नाला आठ दिवस झालेला सुतार. अक्षर सरळ होतं, पण टाकाचं टोक दोन ठिकाणी कागदातून आरपार गेलं. ती भोकं अजून आहेत.

म्हातारपणी त्याने मला जावयाच्या हाती दिलं. लेक शेजारीच उभी होती. "जावईबापू, विहीर रोज बघायची आणि रोज लिहायचं. पाणी कोमट झालं, की आधी सगळ्यांना धक्क्यावर काढायचं. विचार मागाहून करायचा."

"हो मामा," जावई म्हणाला. गावात त्याला दिवेकाका म्हणत.

दोन वर्षं त्याने इमानाने लिहिलं. पुढे तीन-चार दिवस त्याने मला उघडलंच नाही. मग एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. माझ्या फळीवर छताची माती पडली, खिडकीच्या काचा आत आल्या, राख माझ्या पानापानांत शिरली. थोरला फुटला होता. चार दिवसांनी दिवेकाकाने मला उघडलं, टाक बुडवला आणि नुसता बसून राहिला. शाईचा एक थेंब पानावर पडला, पसरला. त्याने मला मिटलं आणि तेलाच्या डब्यांखाली टाकलं.

बावीस वर्षं मी तिथे होते. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. मी मनातल्या मनात त्याला आळशी, कामचुकार, काय काय म्हणाले. आता त्याची लाज वाटते.

मग मोजणीबाई आल्या. सरकारी खात्याने त्यांना डोंगरावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. त्यांच्याबरोबर तापमापक, जमिनीचे हादरे टिपणारं यंत्र आणि वायरलेस. दीपगृहात राहायला आल्यावर तेलाचे डबे हलवताना त्यांनी मला ओढून काढलं.

"टाका ती. रद्दी आहे," दिवेकाका दारातून म्हणाला.

"रद्दी नाही काका, हे सोनं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी कोरड्या ब्रशने माझं पान न् पान झाडलं आणि पुढे सात वर्षं रोज लिहिलं.

आठव्या वर्षी ऐन हंगामात विहीर तापली. एरवी चौदा अंशांचं पाणी सोमवारी एकोणीस अंश, मंगळवारी सत्तावीस. बुधवारी पहाटे चौतीस, आणि पाण्याला आंबूस वास. यंत्राची सुई कागद फाडायला निघाली. बाईंनी वायरलेसवरून साहेबांना गाठलं.

"ती सुई वर्षातून दोनदा नाचते, बाई," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी विहीर तापली होती का? एका जुन्या नोंदीवर मी गाव हलवू?"

मागच्या वेळचं पान एका शाईच्या डागाशिवाय कोरं होतं. त्या पाण्याबद्दल एकाच माणसाला माहीत होतं.

"काका, तेव्हा पाणी कसं होतं?"

"आठवत नाही," दिवेकाका म्हणाला. सात वर्षं तो हेच सांगत आला होता.

बाई मला काखेत मारून कारखान्यावर गेल्या. अंगणात मासळी निवडायला सगळं गाव जमलं होतं. मॅनेजर भला माणूस, पण हट्टी. "बाई, बोटी भरून माल आलाय. थोरला खोकला म्हणून पळायचं तर आम्ही जन्मभर पळतच राहू." लोक हसले. एक बाई म्हणाली, "मागच्या वेळी कोण मेलं? एक काकांची बायको. तीही आपणहून वर गेली होती."

"आपणहून नाही गेली."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दिवेकाका फाटकात उभा होता. दीपगृहापासून तिथवर चालत आल्याने त्याला धाप लागली होती.

"मी पाठवली तिला," तो म्हणाला. "विहीर तीन दिवस तापत होती. मी हात घालून बघितलं होतं. पाणी आंबट लागायला लागलं. मी म्हटलं, झऱ्यावरून दोन डबे भरून आण. ती म्हणाली, अहो, बाबांनी वहीत लिहून ठेवलंय, आधी धक्क्यावर जायचं. मी काय म्हणालो ठाऊक आहे? तुझ्या बाबांची वही घाल चुलीत." त्याने फाटकाचा गज धरला. "ती गेली. अर्ध्या वाटेवर असेल, तेवढ्यात वरून लोळ आला. मला डबे सापडले. एकमेकांत वितळले होते. तिचं म्हणून काही सापडलं नाही."

बाईंनी मला उघडून शाईच्या डागाचं ते पान काढलं. 

"लिहा बाई," तो म्हणाला. "तीन दिवस कोमट. चौथ्या दिवशी दुपारी. आणि मी तिला पाठवलं, हेही लिहा."

बाईंनी तिथेच खाली बसून मला गुडघ्यावर धरून लिहिलं. पुढे लिहिलं: 'मृत एक.' मॅनेजरने हातातला कोयता खाली ठेवला. "भोंगा वाजवा," तो म्हणाला. "माल राहू दे तसाच."

दोनशे चौदा माणसं, तीन बोटी. गुरुवारी सकाळपर्यंत दोन बोटी दूर गेल्या. तिसरी निघताना बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. धक्क्यापासून ती शंभर हातही सुटली नसेल. बाईंच्या पोटाशी, मेणकापडात मी होते.

आधी आवाज आलाच नाही. पाणी बोटीखालून खचल्यासारखं झालं. मग थोरल्याचा माथा उचलला गेला, आणि त्यानंतर जो आवाज आला त्याने पुढच्या फळीवरच्या दोघांच्या कानांतून रक्त काढलं. काळा खांब आभाळात चढला, त्यात विजा कडाडल्या. पाच मिनिटांत भरदुपारी स्वतःचा हात दिसेना. दगड कोसळू लागले. एक टपाखालून आत आला आणि कारखान्याच्या स्वयंपाकीणबाईंच्या खांद्यातून पार गेला. दुसऱ्याने सुकाणूवाल्याची बोटं तोडली. तो ओरडला, पण सुकाणू सोडेना. जळती राख केसांत पडत होती. माणसं ओली पोती डोक्यावर घेऊन एकमेकांवर पडली होती. दगड पाण्यात पडून चर्रर्र होत आणि पुन्हा वर येऊन तरंगत.

"खडक कुठेत? कुठल्या बाजूला आहेत?" सुकाणूवाला किंचाळत होता.

तेव्हा दीपगृहाचा भोंगा वाजला.

दिवेकाका बोटीत चढलाच नव्हता. दिवा राखेत दिसणार नाही, हे त्याला माहीत होतं, म्हणून तो हाताने फिरवायच्या भोंग्यावर बसला होता. एक लांब, दोन आखूड: खडक माझ्या पायाशी, डावीकडे वळा. सुकाणूवाला तुटक्या हाताने डावीकडे वळला. भोंगा वाजतच राहिला. बोट खडकांना खेटून बाहेर पडली.

मग जळत्या राखेचा लोळ उतारावरून समुद्राकडे आला. तो पाण्यावरूनही धावत होता. आमच्या मागे दोन फर्लांगांवर थांबला. त्याची धग मेणकापडातून माझ्यापर्यंत आली, माझं चामडं आखडलं. बाईंनी अंधारात चाचपडत मला उघडलं आणि ओळी एकमेकींवर चढतील तशा चढू देत लिहिलं: 'भोंगा एक वाजून दहा मिनिटांनी थांबला.'

दोनशे चौदातले दोनशे नऊ वाचले. बोटीत चौघं गेली. पाचवा दिवेकाका.

बाई त्या चौघांबद्दल एकेकासाठी वेगळं पान घेऊन बसल्या. काकांच्या पानावर त्यांना तीन दिवस काही लिहिता येईना. शेवटी लिहिलं: 'विहिरीबद्दल खरं सांगितलं. मग भोंगा वाजवला.' खाली सही करताना त्या ढसाढसा रडल्या. सुकाणूवाला शेजारी बसून होता, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन. तो म्हणाला, "रडा बाई. पण अक्षर पुसू देऊ नका."

आता बेटावर कुणी राहत नाही. थोरला अधूनमधून धुमसतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला यंत्रं आहेत. मी मोठ्या शहरातल्या एका दप्तरखान्यात, थंड खोलीत आहे. अभ्यासक हातमोजे घालून येतात, माझे आकडे उतरवून घेतात. त्यांच्या तक्त्यात तीन उद्रेक तीन ओळींत मावतात. मधल्या ओळीत लिहिलेलं असतं: मृत, एक.

माझी तक्रार नाही. तक्ते हवेतच, त्यांनी पुढची गावं वाचतील. पण तुम्ही कधी त्या खोलीत आलात, तर तो आकडा उतरवून लगेच पान उलटू नका. त्याच्याच वर पाच ओळी आहेत, घाईत, गुडघ्यावर लिहिलेल्या. हात बाईंचा, बोल एका नवऱ्याचे. त्या एवढ्या वाचून मग पुढे जा.